साक्षीदार यंत्र, शिक्षक यंत्र : लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपासून न्यूरोफीडबॅकपर्यंत (संयोजी ऊतींच्या विकारांच्या संदर्भात)

प्रस्तावना

इतिहासाच्या अध्यापकाने वैद्यकीय विषयावर लेखणी का चालवावी, याचे स्पष्टीकरण आरंभीच देणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी पदवी वर्गातील एका विद्यार्थिनीने मला एक माहितीपत्रक आणून दाखवले. या मुलीचे सांधे लहानपणापासून विलक्षण लवचीक. अंगठा सहज मागे वळून मनगटाला टेकतो, कोपर उलट्या बाजूस वाकते. शाळेत असताना योगासनांच्या स्पर्धांत तिने बक्षिसे मिळवली होती. महाविद्यालयात येईपर्यंत त्याच सांध्यांनी तिला जेरीस आणले. खांदा वारंवार निखळू लागला, गुडघे आणि पाठ सतत दुखू लागली, थोडा वेळ उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रक्ताच्या तपासण्या आणि क्ष-किरण चित्रे मात्र निर्दोष येत. त्यामुळे ‘मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला तिने अनेक दारांवर ऐकला. अखेर एका तज्ज्ञाने संयोजी ऊतींचा विकार असल्याचे निदान केले. माहितीपत्रक त्यानंतरचे. ते एका मोठ्या शहरातील केंद्राचे होते आणि मेंदूलहरींच्या प्रशिक्षणाने अशा रुग्णांना आराम पडतो, ही पद्धत ‘प्राचीन भारतीय योगविद्येवर आधारित व आधुनिक विज्ञानाने सिद्ध’ आहे, असे त्यात छापले होते. “सर, हे खरं आहे का?” एवढाच तिचा प्रश्न होता.

‘सिद्ध’ हा शब्द वैद्यकाच्या कक्षेतील आहे, त्यावर निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. ‘प्राचीन’ आणि ‘आधारित’ हे शब्द मात्र इतिहासाच्या कक्षेत येतात. त्यांचा मागोवा घेत असताना असे लक्षात आले की, या उपचारपद्धतीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या महाराष्ट्रात, लोणावळा व मुंबई येथे घडले आहे. आणि ते प्रकरण माहितीपत्रकातील दाव्यापेक्षा अधिक सावध, म्हणूनच अधिक उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

विकाराचे स्वरूप

शरीरातील अवयवांना आधार देणाऱ्या, त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या ऊतींना संयोजी ऊती म्हणतात. अस्थिबंध, स्नायुबंध, त्वचेचा आतला थर, रक्तवाहिन्यांच्या भिंती ही सारी त्यांची रूपे होत. कोलॅजेनसारख्या प्रथिनांच्या घडणीत जन्मजात दोष राहिला तर हा आधारच सैल पडतो. पॅरिसमधील आंतवान मार्फान यांनी १८९६ मध्ये वर्णिलेला विकार आणि कोपनहेगनचे एडवर्ड एलर्स व पॅरिसचे आंरी-आलेक्झांद्र दांलोस यांच्या नावांनी ओळखला जाणारा विकार हे या गटातील सर्वपरिचित होत. ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारखे विकार वेगळ्या जातीचे आहेत. त्यांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच संयोजी ऊतींवर उलटते. दोन्ही गटांना व्यवहारात एकच नाव मिळत असल्याने बराच घोटाळा होतो.

एलर्स-दांलोस विकाराचे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १३ प्रकार मानले गेले. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणाऱ्या अतिलवचीक प्रकाराची जनुकीय खूण त्या वर्गीकरणाला देता आली नाही. निदान रुग्णाची हकिकत आणि सांध्यांची परीक्षा यांवरच होते. या परीक्षेची नऊ गुणांची पद्धत १९७३ मध्ये पीटर बाइटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील एका समाजाच्या पाहणीतून रूढ केली. आपल्याकडे तिचा अर्थ लावताना विशेष काळजी घ्यावी लागते. मुंबईतील बालसंधिवाततज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांचे सांधे या कसोटीनुसार अतिलवचीक ठरले. याचा अर्थ निम्मी मुले रुग्ण आहेत असा नव्हे. परंतु जिथे लवचीकपणा हा सर्वसाधारण आणि कौतुकाचा विषय आहे, तिथे त्यामुळे खरोखर पीडित असलेला रुग्ण नजरेतून सहज निसटतो. बक्षीस मिळवून देणारे अंगच दुखते आहे, यावर कोण विश्वास ठेवणार?

दुखण्याची गावपातळीवरील व्याप्तीही आपल्याकडे उशिरा मोजली गेली. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये झालेल्या पाहणीत ४,००० हून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींना स्नायू, सांधे वा हाडांच्या दुखण्याची तक्रार होती. यातील बऱ्याच तक्रारी कोणत्याही ठसठशीत रोगनामात बसत नव्हत्या.

लोणावळा, १९२४

ज्या वर्षी जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींचा पहिला आलेख घेतला, त्याच १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले. हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून काही गूढ सूचित करण्याचा हेतू नाही. बर्गर यांना आपले काम प्रसिद्ध करण्यास १९२९ पर्यंत थांबावे लागले आणि त्यावर व्यापक विश्वास बसण्यास आणखी काही वर्षे गेली.

कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हे संस्कृतचे अभ्यासक. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्याकडून त्यांना व्यायामविद्या आणि माळसरच्या परमहंस माधवदासजींकडून योगविद्या मिळाली. अमळनेर येथे अध्यापन करीत असतानाच योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी तपासावेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला होता. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरण परीक्षा करवून घेतली. १९२४ पासून ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकातून या प्रयोगांचे वृत्तान्त आलेख व छायाचित्रांसह येऊ लागले.

त्यांपैकी एका प्रयोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. नौली करणारा साधक गुदद्वारावाटे पाणी वर खेचू शकतो, ही परंपरागत बस्तिक्रिया. ती कशाने साधते, यावर परंपरेची उत्तरे प्राणवायूच्या भाषेत होती. कुवलयानंदांनी आतड्यात दाबमापक जोडला आणि नौलीच्या वेळी आतील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो, त्यामुळे पाणी वर चढते, असे दाखवले. या ऋण दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरूविषयीचा आदर आणि गुरुपरंपरेच्या स्पष्टीकरणात दुरुस्ती या दोन गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. पुढच्या काळात योगाच्या नावाने झालेल्या बऱ्याच लेखनात यांपैकी पहिलीच गोष्ट शिल्लक राहिली, असे खेदाने म्हणावे लागते.

बाहेरच्या अभ्यासकांनाही लोणावळ्याचे दार खुले होते. येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन हे १९३०च्या दशकात तेथे राहून प्राणायाम शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या साध्या बौद्धिक चाचण्यांत आपला वेग मंदावतो, असे त्यांना स्वतःवरील मोजणीतच आढळले होते. योगाविषयी त्यांचे एकंदर मत अनुकूल असूनही ही नोंद त्यांनी वगळली नाही.

या कालखंडात यंत्राचे काम साक्ष देण्याचे होते. साधक क्रिया करतो, यंत्र ती नोंदवते. यंत्राने साधकाला काही शिकवावे, ही कल्पना अद्याप जन्मली नव्हती.

यंत्र शिक्षक होते

यंत्राची साक्ष कधी कधी साधकांच्या विरुद्धही गेली. १९३५ मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रोस यांनी भारतात योग्यांच्या हृदयाचे आलेख घेतले आणि हृदय थांबवण्याची कीर्ती जगभर पसरली. १९५७ मध्ये अमेरिकेहून आलेले एम. ए. वेंगर व बसुकुमार बागची यांनी दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह हा दावा पुन्हा तपासला. छातीतील दाब वाढवून मनगटावरील नाडी व हृदयाचे ठोके ऐकू येईनासे करता येतात, पण विद्युत्‌आलेखात हृदय चालूच असते, असे त्यांना दिसले. त्याच दौऱ्यात त्यांना एक साधक असा भेटला की ज्याला कपाळावर इच्छेनुसार घाम आणता येत असे. हिमालयातील थंड गुहेत उष्णतेची कल्पना करता करता ही सवय त्याला जडली होती. म्हणजे मोठा दावा टिकला नाही, लहानसा टिकला.

१९६१ मध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरींवरील निबंध प्रसिद्ध केला. ध्यानस्थितीत अल्फा लहरी स्थिर राहतात, आवाज वा स्पर्श यांनी त्या मोडत नाहीत, आणि बर्फासारख्या थंड पाण्यात पाऊण तास वा त्याहून अधिक वेळ हात ठेवणाऱ्या दोघा साधकांतही त्या टिकून होत्या, हे त्यातील निरीक्षण वेदनेच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचे वाटते. अर्थात, हे मोजके व दीर्घ साधना केलेले लोक होते. दुखणाईत व्यक्तीला तेच साधेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

यंत्र शिक्षक झाले ते अमेरिकेत. ‘फीडबॅक’ हा शब्द मुळात अभियांत्रिकीचा, शिक्षणशास्त्राच्या आपल्या सहकाऱ्यांना तो ‘प्रत्याभरण’ या रूपात परिचित आहे. एखाद्या क्रियेचा परिणाम कर्त्याला तत्काळ कळला तर कर्ता ती क्रिया सुधारू शकतो, हे त्यामागील तत्त्व. जो कामिया यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे आपल्या मेंदूत अल्फा लहर केव्हा उमटते ते ओळखण्यास व्यक्तींना शिकवले. बॅरी स्टर्मन यांनी १९६०च्या दशकात मांजरांना मेंदूतील १२ ते १५ हर्ट्झची विशिष्ट लय वाढवण्याचे बक्षीस देऊन प्रशिक्षण दिले आणि पुढे अपस्माराच्या रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. न्यूरोफीडबॅकचा उगम येथे आहे. १९७० मध्ये कॅन्सस राज्यातील मेनिंगर प्रतिष्ठानात एल्मर ग्रीन यांनी स्वामी राम यांची तपासणी केली आणि एकाच तळहाताच्या दोन भागांत तापमानाचा फरक निर्माण करण्याचे त्यांचे कौशल्य नोंदवले. ग्रीन दांपत्याने हाताचे तापमान वाढवण्याचे प्रशिक्षण अर्धशिशीच्या रुग्णांना देण्यास याच सुमारास आरंभ केला होता.

तेव्हा ‘योगविद्येवर आधारित’ हे विधान अर्धेच खरे आहे. योग्यांनी शक्यता दाखवली, उमेद दिली. पण पद्धत आली ती मांजरांच्या पिंजऱ्यातून आणि बक्षीस देऊन वर्तन घडवण्याच्या मानसशास्त्रातून. त्या मानसशास्त्राचीही फजिती झालेली आहे. नील मिलर यांच्या प्रयोगशाळेतील उंदरांवरील गाजलेले निष्कर्ष १९७०च्या दशकात त्यांना स्वतःला पुन्हा मिळेनात, आणि त्यांनी ते जाहीरपणे मान्य केले.

मुंबईतील शवासन

हे चालू असताना मुंबईत याहून साधा प्रयोग झाला होता. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या लेखकांत कैवल्यधामाचे डॉ. एस. एल. विनेकर हेही होते. रुग्णालय व आश्रम यांची नावे एका वैद्यकीय निबंधावर एकत्र यावीत, ही घटना पुरेशा आदराने नोंदवली गेलेली नाही. औषध न घेणाऱ्या गटाचा सरासरी रक्तदाब उतरला. औषधाने दाब आटोक्यात असलेल्या गटात दाब जवळपास तसाच राहिला, मात्र बहुसंख्य रुग्णांचे औषध सुमारे एक तृतीयांशावर आणता आले. सर्वांना लाभ झाला नाही, आणि निबंधात तेही नमूद आहे.

इंग्लंडमध्ये क्रॉयडन येथे भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी शवासनाला यंत्राची जोड दिली. त्वचेच्या विद्युत्‌रोधातील बदल रुग्णाला आवाजाच्या रूपाने ऐकू येई, जसजसे शरीर सैल होई तसतसा तो आवाज उतरत जाई. १९७३ मध्ये २० रुग्णांवरील निष्कर्ष आणि १९७५ मध्ये तुलनागटासह केलेला अभ्यास त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. स्वतः दाते यांनी १९८० मध्ये रक्तदाब व ताण यांवरील बायोफीडबॅकविषयी केईएमच्याच नियतकालिकात लिहिले. लोणावळ्याची साक्ष देणारी परंपरा आणि अमेरिकेतील शिकवणारे यंत्र यांची गाठ महाराष्ट्रात पडली ती येथे. या दोघा डॉक्टरांनी औषध बंद करा असे सांगितले नाही, औषध किती कमी करता येते ते मोजले. ‘सहायक उपचार’ या शब्दप्रयोगाला काही नेमका अर्थ असेल तर तो हाच असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गार पडणारी बोटे

संयोजी ऊतींच्या विकारात प्रत्याभरणाची खरी कसोटी रेनॉच्या लक्षणावर लागली. या लक्षणात थंडीने वा ताणाने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे पांढरी-निळी पडतात. ते निरोगी व्यक्तीतही स्वतंत्रपणे आढळते आणि स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत तर फार मोठ्या प्रमाणावर आढळते. हात गरम करण्याचे प्रशिक्षण येथे हमखास लागू पडावे, अशी अपेक्षा होती. डेट्रॉइटचे रॉबर्ट फ्रीडमन यांना १९८३ मध्ये स्वतंत्र रेनॉच्या रुग्णांत लाभ आढळला, परंतु पुढच्याच वर्षी स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत तो आढळला नाही. २००० मध्ये ३१३ रुग्णांवरील बहुकेंद्री अभ्यासाने तर स्वतंत्र रेनॉमध्येही तापमानाचे प्रत्याभरण तुलनेसाठी दिलेल्या प्रशिक्षणाहून सरस नाही, निफेडिपिन हे औषध मात्र सरस आहे, असा निर्वाळा दिला. जिथे ऊतीच बदललेली आहे तिथे चेतासंस्थेचे प्रशिक्षण कुठपर्यंत पोहोचेल, याची एक मर्यादा या प्रकरणाने आखून दिली. माहितीपत्रकांत या प्रकरणाचा उल्लेख आढळत नाही.

मेंदूलहरी आणि सैल सांधे

मग अतिलवचीक सांध्यांच्या रुग्णाला मेंदूलहरींच्या प्रशिक्षणाकडे वळावेसे का वाटते? त्यालाही आधार आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील पीटर रो व सहकाऱ्यांनी एलर्स-दांलोस विकार असलेल्या तरुण रुग्णांत उभे राहिल्यावर येणारी भोवळ व दीर्घकालीन थकवा यांचा संबंध दाखवला. अशा काही रुग्णांत उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० वा अधिक वाढतात. स्वायत्त चेतासंस्था सतत धोक्याची घंटा वाजवत राहते. बार्सेलोना येथील अंतोनी बुल्बेना यांनी अतिलवचीकपणा व तीव्र भीतीचे झटके यांचा संबंध दाखवला, तर इंग्लंडमधील जेसिका एक्लेस व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा व्यक्तींच्या मेंदूत भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाचे आकारमान अधिक असल्याचे नोंदवले. तेव्हा मन आणि सांधे यांचा संबंध आहे, हे खरे. पण ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाची बोळवण करणाऱ्यांच्या म्हणण्याहून तो नेमका उलट दिशेचा असू शकतो. शरीराच्या घडणीतूनच चित्ताची अस्वस्थता उपजत असण्याची ही शक्यता आहे.

उपचार म्हणून न्यूरोफीडबॅकचा पुरावा मात्र या विकारांत अत्यंत तोकडा आहे. जवळचा दाखला फायब्रोमायल्जियाचा. तुर्कस्तानात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ रुग्णांवरील अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्यांची वेदना व थकवा, औषध घेणाऱ्या गटापेक्षा अधिक उतरला. परंतु त्यात लटक्या प्रशिक्षणाचा तुलनागट नव्हता. असा गट घेतला की काय होते, हे लक्ष-न्यूनतेच्या मुलांवरील २०२१ च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. खरे प्रशिक्षण मिळालेली आणि लटके प्रशिक्षण मिळालेली अशी दोन्ही मुले सुधारली, दोहोंत फरक पडला नाही. नियमित भेटी, शांत खोली, लक्षपूर्वक ऐकणारा माणूस यांचाही गुण येतो. ज्या रुग्णाचे कोणी ऐकलेच नाही त्याला तो अधिक येत असेल, तर त्यात नवल नाही. मात्र त्याची किंमत यंत्राच्या नावाने लावली जाऊ नये.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवली पाहिजे. मार्फान विकारात महाधमनी रुंदावत जाते, एलर्स-दांलोसच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित प्रकारात रक्तवाहिनी फुटण्याचा धोका असतो. त्यांची नियमित तपासणी, औषधे व गरजेनुसार शस्त्रक्रिया यांना कोणत्याही लहरींचा पर्याय नाही. अतिलवचीक रुग्णाने अधिक ताणाची आसने करणे हेही अनेकदा हानिकारक ठरते. त्याला गरज असते ती ताकद वाढवणाऱ्या, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायामाची. स्पर्धेतील बक्षिसांच्या फोटोंकडे पाहताना आता मला हे आठवते.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकलो नाही. चिपळूणहून त्या शहरापर्यंत दर आठवड्याला दोनदा जाणे, घाटातील एस.टी.च्या धक्क्यांनी पुन्हा खांदा दुखवून घेणे आणि वडिलांनी त्यासाठी कर्ज काढणे, हे सारे तोकड्या पुराव्यासाठी करावे का, एवढेच तिला व तिच्या घरच्यांना विचारले. लोणावळ्याची गोष्टही सांगितली. तिने तिच्या डॉक्टरांना विचारून घरीच रोज वीस मिनिटे शवासन व संथ श्वसन सुरू केले, आणि एका दोनशेपानी वहीत चार रकाने आखले : झोप, वेदना, पडून असतानाची नाडी, उभे राहिल्यावर दहाव्या मिनिटाची नाडी. तीन महिन्यांनी ती वही घेऊन आली. झोपेच्या रकान्यात फरक दिसत होता. वेदनेचे आकडे कमी-जास्त होत, पण एकंदरीत जागच्या जागी होते. नाडीच्या दोन रकान्यांतील अंतर मात्र पानोपानी ३०च्या वरच होते. पुढच्या भेटीत तिने ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिल्यांदाच तिला तपासणीच्या खाटेवर आडवे करून, मग उभे करून, घड्याळ लावून नाडी मोजली.